तुळजापूर घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही, क्लच गेला का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी, २००६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, केबलवाला क्लच, सेकंड हँड घेतलेली त्यामुळे आधी कधी क्लच बदललाय का काहीच माहिती नाही. गावात बरी चालते पण परवा घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो तर घाटात तिसऱ्यात इंजिन नुसतं बोंबलतंय अन् गाडी चढंना, वर जळका वास. रिव्हर्स मात्र आरामात पडतो. गॅरेजवाला गाडी न बघताच म्हणतो क्लचचा पूर्ण सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) टाका. खरंच गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीय का?

होटगीरोड_फिटर:
रिव्हर्स गपचूप पडतोय म्हणजे क्लच सुटतोय, पण धरत नाहीये. सुटत नसता तर रिव्हर्सला खर्रर्र झालं असतं, जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुतेक सिंक्रो (गिअर आवाज न करता पडावा म्हणून दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग) नसतोच. आधी पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, बघा मालक. हाताने दाबल्यावर सुरुवातीला साधारण दीड-दोन सेंटीमीटर मोकळं जायला पाहिजे, नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमधे असतो. क्लचप्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती) झिजंल तसा प्ले कमी होत जातो अन् शून्य झाला की केबल कायम ओढलेली, म्हणजे पाय नसला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच.

गड्डा_ट्रॅफिक:
प्ले सेट करून मग विजापूर रोडला मोकळा पट्टा बघून चौथ्यात ४०-५० ला एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज चढला अन् स्पीड तिथंच तर स्लिप नक्की. एकदोनदाच करा. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडल्यावर इंजिन बंद पडतं का (क्लच चांगला असला तर पडतं) बघायची पण पद्धत आहे, मला नाही पटत, उगं प्लेट तापते. पेडल दाबल्यावर किरकिर येते का? तसं असलं तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), उलट पाय काढल्यावर आवाज अन् दाबल्यावर गप असं असलं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडनं गिअरबॉक्समधे जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग.

जुळेसोलापूरकर:
किरकिर नाही. प्ले अजिबातच नव्हता, केबलचा नट सैल करून आणला, तरी चौथ्यात स्लिप होतीच, थोडी कमी. अन् खाली वाकून बघितलं तर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइलचा ओलावा दिसतोय 😕

होटगीरोड_फिटर:
मग गिअरबॉक्स उतरवावाच लागंल. ऑइल क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधनं, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगमधनं, येतंय का गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधनं ते उघडल्यावरच कळंल, पण सील न बदलता सेट टाकू देऊ नका, नवी प्लेट पण ऑइल पिऊन घसरायला लागंल अन् गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत. फ्लायव्हीलवर (इंजिनच्या ज्या जड चाकाला प्लेट चिकटते त्यावर) तापल्याचे निळे डाग किंवा भेगा आहेत का तेही समोर उभं राहून बघा. जुनी प्लेट मागून घ्या, रिव्हेटपर्यंत झिजलीय का ऑइलनं काळी पडलीय ते दिसतं. केबल पण त्यातच नवीन टाका. तोवर तुळजापूरला एसटीनं जा 😄

जुळेसोलापूरकर:
ठीकंय, सोमवारी दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकतो, सीलचं आधीच सांगून ठेवतो.