एमव्हीडी (चेहऱ्याच्या नसेवरचा धमनीचा दाब काढण्याचं ऑपरेशन) झाली, तरी डोळा लवतोय. ऑपरेशन फसलं समजायचं का?

दिंडोरीकर
वडील, वय 58, द्राक्षबाग आहे. डाव्या बाजूचा हेमिफेशियल स्पाझम (अर्धा चेहरा आपोआप लवणं), इतकी वर्षं बोटॉक्सच्या इंजेक्शनांवर काढली. एमव्हीडी होऊन दुसरा आठवडा चालू आहे. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: आयका धमनीचा (मेंदूच्या मागच्या भागातली एक धमनी) दाब, धमनी-नसेमध्ये टेफ्लॉन ठेवलं, एलएसआर (ऑपरेशनवेळच्या नसेच्या तपासणीतली लाट) पूर्ण गेला नाही. डोळ्याखाली अजून लवतं, पण आधीपेक्षा कमी. बरं होण्याचा अंदाज कशावरून बांधायचा? आणि टाके निघाले की लगेच बागेत जायचं म्हणतायत.

मॉनिटरिंगवाला
'एलएसआर गेला नाही' एवढ्यावरून निकाल लावू नका. या तपासणीत चेहऱ्याच्या नसेच्या एका फांदीला हलका करंट देतात आणि दुसऱ्या फांदीच्या स्नायूवर, बहुधा हनुवटीच्या, लाट येते का ते बघतात. निरोगी माणसात ती येत नाही. धमनी नसेपासून सुटताच लाट गेली तर उत्तम लक्षण. पण ती उरलेल्या बऱ्याच जणांचा स्पाझमही पुढे काही महिन्यांत थांबतो. दाब निघाला तरी नसेचं खरचटलेलं आवरण आणि मेंदूच्या देठातलं चेताकेंद्र शांत व्हायला वेळ लागतो. म्हणून एलएसआर सुरुवातीच्या दिवसांबद्दल बरं सांगतो, वर्षभरानंतरचं तितकं नाही.

सर्जनना नेमकं विचारा: लाट तेवढीच राहिली की लहान झाली? ऑपरेशनवेळी स्नायू सैल करणारं औषध चालू असताना घेतलेलं रीडिंग भरवशाचं नसतं.

गंगापूर रोड
त्याहून मोलाचा प्रश्न: नस देठातून निघते तिथे धमनीने नसेवर पाडलेला खळगा स्पष्ट दिसला का, आणि धमनी पूर्ण सुटली का? दाब नेमका सापडून सुटला असेल तर आशा चांगली. जाड, वळणदार व्हर्टेब्रल धमनी (मानेतून मेंदूकडे जाणारी) असती तर काम अवघड. एकंदरीत दहातल्या साधारण नऊ जणांना चांगला फरक पडतो. काहींना तो सावकाश दिसतो, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा विचार साधारण वर्षभर थांबून करतात.

शेवटचं बोटॉक्स कधी घेतलं? तीन-चार महिन्यांच्या आतलं असेल तर आत्ताची सुधारणा त्याचीही असू शकते.

दर आठवड्याला एकाच उजेडात मिनिटभर व्हिडिओ घ्या: स्वस्थ बसून, मग पाच वेळा डोळे घट्ट मिटून, मग हसून. 'कमी वाटतंय' यापेक्षा फॉलोअपला हा कामाचा.

सिडको-नाशिक
बागेची घाई नकोच. क्रेट उचलणं, खाली वाकून जोर लावणं, कुंथणं, सगळं सर्जन सांगेपर्यंत बंद. बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपकलं, घशात खारट लागलं, किंवा तापासोबत मान आखडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मेंदूभोवतालचं पाणी झिरपत असू शकतं.

पहिल्या महिन्यात त्याच बाजूचा चेहरा अचानक लुळा पडू शकतो: डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. तो बहुतेकदा काही आठवडे-महिन्यांत भरून येतो, पण सर्जनला लगेच कळवा. तोवर दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद. अशा डोळ्याने फवारणीजवळ फिरकूसुद्धा नये.

फोन आलटून पालटून दोन्ही कानांना लावून बघा. डाव्या कानाने कमी ऐकू आलं तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.

दिंडोरीकर
शेवटचं बोटॉक्स ऑपरेशनच्या सहा महिने आधीचं.

गंगापूर रोड
मग आत्ताचा फरक बोटॉक्सचा नाही. चांगली खूण आहे. पहिला व्हिडिओ आजच घ्या.