चांगला ऑपरेटर सुपरवायझरची जागा मागतोय, पण अजून तयार नाही

टर्निंगवाला: भोसरीत ऑटो पार्ट्सचं सीएनसी शॉप आहे. एका ऑपरेटरला शिफ्ट सुपरवायझर व्हायचंय. तीन वर्षं झाली, रिजेक्शन नगण्य, खाडा नाही. पण सेटिंगला (नव्या पार्टसाठी मशीन जुळवायला) अजून सेटर लागतो, आणि शेजारच्या मशीनवर चूक दिसली तरी तोंड उघडत नाही. चाकणहून ऑफर आहे म्हणतो. काय सांगावं?

क्वालिटी_काका: "बघू", "दिवाळीनंतर" हे आधी बंद करा. माणूस ते 'हो' असंच धरून चालतो. आठवड्याभरात केबिनमध्ये बसवून सांगा: आत्ता नाही, आणि अमुक कारणांमुळे. "ॲटिट्यूड सुधार" असलं मोघम नको, ते मोजणार कसं? कागदावर लिहा: दोन वेगवेगळ्या पार्टांचं सेटिंग, सॉफ्ट जॉ बोअरिंगपासून (पार्ट पकडणारे मऊ जबडे मापाला कापणं) फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नग, ओके होईपर्यंत, सेटरने हात न लावता. टूल बदलल्यावर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) मशीनला स्वतः देणं. एका नव्या पोराला एकट्याने मशीन चालवण्याइतकं तयार करणं. स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला काय येतं त्या तक्त्यात, हे रकाने असतीलच (ऑडिटपुरते भरलेले सोडा). मुदत तीन महिने, दर पंधरवड्याला दहा मिनिटं बसायचं.

नाईटशिफ्ट: सेटिंग येईल हो. खरी परीक्षा सकाळी सातला. आठपैकी दोघं गैरहजर, कुठली मशीन बंद ठेवायची? आजचं डिस्पॅच बघून जो ठरवतो तो सुपरवायझर. उत्तम ऑपरेटर बहुतेक वेळा स्वतःच मशीनवर उभा राहतो आणि बाकी शिफ्ट वाऱ्यावर. म्हणून सुपरवायझर रजेवर असताना दोन आठवडे चार्ज द्या. लेखी द्या, शेवटची तारीख आणि भत्ता घालून. तारीख नसली की फुकटचा ॲक्टिंग सुपरवायझर वर्षभर तसाच लटकतो, आणि मग जातोच.

पेरोलवाली: पगार आणि हुद्दा वेगळे ठेवा. बाजारभावापेक्षा कमी देत असाल तर ऑपरेटर म्हणूनच वाढवा. "ज्युनिअर सुपरवायझर" असा शिक्का मारून ओव्हरटाइम बंद करणं तर नकोच. बेसिक-डीए १८,००० धरा. २६ दिवस, ८ तास, म्हणजे तासाला साधारण ८६.५० आणि दुप्पट दराने १७३. महिन्याला १६ तास ओटी झाला तर २,७६८. तुम्ही २,००० वाढ दिलीत की हातात उलट कमीच. शिवाय वाद झालाच तर हुद्द्याची पाटी नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतात.

टर्निंगवाला: तीन महिन्यांत सगळं जमलं आणि जागाच रिकामी नसली तर?

क्वालिटी_काका: ते पहिल्याच बैठकीत सांगायचं. सेटरची ग्रेड देणं तुमच्या हातात आहे, ती द्या. सुपरवायझरकीची तारीख मात्र कबूल करू नका.