मुलीचे नाव 'अपाला' ठेवावे का? अर्थ, उगम आणि प्रचाराविषयी माहिती हवी आहे

सांजवात

नमस्कार. आमच्या मुलीचे बारसे पुढच्या रविवारी आहे. जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणातला असल्यामुळे नाव 'अ'वरून ठेवावे, एवढ्यावर घरात एकमत झाले आणि माझ्या नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्यानेच, 'अपाला' हे नाव सुचवले. ऐकताक्षणीच ते मला आणि यजमानांना आवडले. नावांची यादी देणाऱ्या दोन-तीन संकेतस्थळांवर त्याचा अर्थ 'अतिशय सुंदर' असा दिलेला आहे. परंतु सासूबाईंनी घरातला जुना संस्कृत कोश उघडून पाहिला, तर तेथे 'जिचे रक्षण करणारे कोणी नाही ती' असा अर्थ निघाला. तेव्हापासून त्यांचा जीव खालीवर होत आहे. "लेकीच्या कानात पहिला शब्द सांगायचा, तो 'अनाथ' असा का?" हा त्यांचा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटत नाही. खरा अर्थ कोणता, हे नाव आले कोठून आणि आज ते कितपत ठेवले जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी मास्तरीण

सांजवातताई, कोश आपल्या सासूबाईंच्या बाजूने आहे. 'पाल' म्हणजे रक्षण करणारा. गोपाळामधला पाळ तोच आणि आपले 'पाळणे' हे क्रियापदही त्याच कुळातले. 'न विद्यते पालः यस्याः सा' असा नञ्‌बहुव्रीहीचा विग्रह केला की 'जिला पालक किंवा रक्षक नाही ती' हाच अर्थ मिळतो. 'अतिशय सुंदर' हा अर्थ व्याकरणातून कोणत्याही वाटेने निघत नाही. तो बहुधा कथेच्या शेवटावरून कोणीतरी नावाला चिकटवला आणि पुढच्यांनी तसाच उतरवून घेतला.

मात्र ती कथा पुरी वाचल्याखेरीज नाव बाद करू नये, अशी माझी विनंती आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातले ९१वे सूक्त अपालेचे आहे. ऋचा सातच आहेत. परंपरा तिला अत्रीची कन्या मानते, म्हणून ती 'आत्रेयी'. सूक्ताची सुरुवात एखाद्या साध्या दिवसासारखी होते : एक मुलगी पाण्याकडे निघाली आहे, वाटेत तिला सोमवल्ली सापडते आणि ती घरी नेता नेता मुलगी म्हणते की, इंद्रासाठी मी तुझा रस काढीन. जवळ ना पाटा ना वरवंटा, म्हणून ती सोम दातांनी चावते. दुसऱ्या ऋचेत त्याला 'जम्भसुत', म्हणजे दाढांखाली पिळलेला, असे म्हटले आहे आणि सोबत धाना, करंभ व अपूप, म्हणजे भाजलेले धान्य, सातूच्या पिठाचे कालवण आणि घारगे-अनारशांच्या जातीचा पदार्थ, असा नैवेद्यही आहे. ऋग्वेदाचे भाष्यकार सायणाचार्य यांनी दिलेल्या कथेत तर तिच्या दातांचा आवाज सोम कुटण्याच्या दगडांचा समजून इंद्र धावत येतो.

यानंतर ती जे मागते, त्यासाठी मला हे सूक्त फार प्रिय आहे. ती तीन जागी उगवण मागते : वडिलांचे डोके, त्यांचे शेत आणि स्वतःचे शरीर. वडिलांना टक्कल पडले आहे, शेत नापीक झाले आहे आणि तिच्या स्वतःच्या अंगावर लव नाही. 'सर्वा ता रोमशा कृधि', म्हणजे या सगळ्यांवर केस उगवू देत, असे ती म्हणते. पिकाला आणि केसांना एकच शब्द वापरणारी ही कवयित्री शेतकऱ्याच्या घरातली असावी, असे मला नेहमी वाटते. शेवटच्या ऋचेत इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रातून तीनदा शुद्ध करतो आणि 'सूर्यत्वच', म्हणजे सूर्यासारख्या कांतीची, करतो. अपाला हे नावही संपूर्ण सूक्तात केवळ त्याच ऋचेत येते.

तिला त्वचारोग होता आणि म्हणून नवऱ्याने टाकले, हा तपशील बृहद्देवतेसारख्या, म्हणजे ऋग्वेदातल्या देवता व कथा सांगणाऱ्या, नंतरच्या ग्रंथांनी भरला. सूक्तात रोगाचे नाव नाही. 'पतिद्विषः', म्हणजे पतीशी वैर असलेल्या, असा शब्द मात्र चौथ्या ऋचेत आहे. तिच्या तीन वेळा सुटलेल्या कातडीपासून साळिंदर, घोरपड आणि सरडा झाले, ही भरही नंतरचीच. लहान मुलांना सांगायला तेवढी फार उपयोगी पडते.

मेतकूट

वरील प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो. तीच सातवी ऋचा अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडात, म्हणजे विवाहकांडातही आली आहे आणि काही गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांत, वधूच्या मस्तकावर जुवाचे छिद्र धरून त्यातून पाणी सोडताना ती म्हणण्याचा विधी सांगितला आहे. ज्या नावाला घरचे अशुभ समजत आहेत, ते नाव लग्नाच्या मंगल मंत्रात उच्चारले जात होते, हे सासूबाईंना अवश्य सांगावे.

आणखी एक गोष्ट. नकारार्थी नावांचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. अपर्णा म्हणजे जिने पानसुद्धा खायचे सोडले ती. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वतीच्या या नावाचा उलगडा केला आहे आणि 'उपाशी' असा अर्थ होतो म्हणून कोणी अपर्णा हे नाव टाळल्याचे मी ऐकलेले नाही. गंमत म्हणजे मराठी कानाला 'पाला' म्हणजे पानेच, तेव्हा संस्कृत बाजूला ठेवले तर अपाला आणि अपर्णा एकाच अर्थाच्या बहिणी ठरतात! ही व्युत्पत्ती अर्थातच खोटी आहे. पण शाळेत मुले 'पाला' म्हणून चिडवतील तेव्हा उत्तर म्हणून चालेल.

गावकुस

प्रचाराविषयी लिहितो. अमेरिकेत १८८० पासूनच्या जन्मांची नावे संख्येसह पाहायला मिळतात आणि एका वर्षात पाचपेक्षा कमी वेळा आलेले नाव त्या यादीत घेत नाहीत. आपल्याकडे तशी वार्षिक यादी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे अमुक नाव 'शंभरात इतके' असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये. मी तीस वर्षे हजेरीपटावर नावे घेतली. वेद-उपनिषदांतल्या स्त्रियांच्या नावांपैकी गार्गी आणि मैत्रेयी प्रत्येक तुकडीत भेटू लागल्या, लोपामुद्रा दोन भेटल्या, अपाला एकच; घोषा आणि विश्ववारा तर पुस्तकाबाहेर कधी दिसल्याच नाहीत.

त्या एका अपालेची अडचण अर्थाची नव्हती, अक्षरांची होती. जन्माच्या दाखल्यावर तिचे नाव 'आपला' असे छापून आले होते आणि ते दुरुस्त करायला तिच्या वडिलांना चार खेपा माराव्या लागल्या. इंग्रजीत सरळ लिहिले तर अपाला, अपला आणि आपला यांत काहीच फरक राहत नाही. नवीन शिक्षक हजेरी घेताना "आपला… आपला कोण?" असे विचारत आणि वर्ग एका सुरात "आमचीच!" म्हणून ओरडत असे. तिला ते आवडू लागले होते, हेही नमूद करतो. आपण नाव नक्की केलेत तर इंग्रजीत मधला 'ए' दोनदा लिहावा आणि दाखला, आधार व शाळा या तिन्ही ठिकाणी तेच लेखन ठेवावे. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

सांजवात

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी सातही ऋचांचा अर्थ सासूबाईंना वाचून दाखवला. विवाहमंत्राचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "म्हणजे त्या पोरीने देवाकडे आधी बापाच्या टकलाचे मागितले?" मी हो म्हणाले. त्यांनी समोर बसलेल्या आपल्या चिरंजीवांच्या विरळ होत चाललेल्या माथ्याकडे एकदा नीट पाहिले आणि पाळण्यावर लावायच्या पाटीवर अक्षरे कोणत्या रंगात काढायची, ते विचारले.