बाळंतपणानंतर शरीरसंबंधांची इच्छा : आपापले अनुभव

बाळंतिणीने काय खावे, शेक किती दिवस घ्यावा, कान कसे बांधावेत, हे सांगायला घरातली आणि शेजारची प्रत्येक बाई तयार असते; पण मूल झाल्यावर नवऱ्याजवळ जावेसेच वाटेनासे झाले, तर त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मुलीच्या जन्मानंतर सुमारे 10 महिने मला ती इच्छा झाली नाही, आणि आपल्यातच काहीतरी बिघडले आहे असे समजून मी ते महिने काढले. ज्यांना शक्य आहे त्यांनी नाव न देता लिहावे. इच्छा कमी झाली असेल, वाढली असेल किंवा निराळी झाली असेल, तरी ती आहे तशी सांगावी.

नाशिक, मुलगा 2 वर्षांचा

पहिले बाळंतपण माहेरी झाले आणि मी तीन महिन्यांनी सासरी परतले. नवऱ्याने घाई केली नाही, मलाही जवळीक हवी होती, पण पहिल्याच वेळी इतके दुखले की मी रडले. टाके नीट भरले नसतील असे वाटून दोन महिने आम्ही थांबलो; नंतरही तेच झाले. हळूहळू मला रात्रीचीच भीती वाटू लागली आणि इच्छा गेली. या क्रमाला मी महत्त्व देते, कारण माझ्या बाबतीत दुखणे आधी आले आणि नकोसे वाटणे त्याच्या मागून.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की टाके केव्हाच भरले आहेत. वार पडल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातले संप्रेरक (हार्मोन) एकदम उतरते, आणि अंगावर पाजत असताना दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले राहते, त्यामुळे इस्ट्रोजेन बरेच दिवस खालीच राहू शकते. म्हणून योनीमार्ग पाळी गेलेल्या बाईसारखा कोरडा आणि नाजूक होतो. त्यांनी तेलाचे नव्हे तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण वापरायला सांगितले, आणि कंडोम वापरत असाल तर खोबरेल लावू नका, तेलाने त्याचे रबर कमजोर होते, असेही बजावले. दुखणे थांबल्यावरही भीती जायला चार महिने लागले.

पुणे, जुळ्या मुली

मला दुखत नव्हते. मला स्पर्शच नको होता. दिवसभर एक अंगावर पीत असे, दुसरी खांद्यावर असे, आणि रात्री नवऱ्याने नुसता पाठीवर हात ठेवला तरी अंग आखडून जाई. आता माझ्याकडून कोणीही काही मागू नये, एवढीच भावना होती. मी त्याला हे शब्दांत सांगितले तेव्हा तो आधी दुखावला, पण मग रात्री 10 ते 2 दोघींना तो सांभाळू लागला. सलग चार तास झोप मिळू लागल्यावर काही आठवड्यांनी मी स्वतःहून त्याचा हात धरला.

ठाणे, मुलगी 1 वर्षाची

माझी इच्छा उलट वाढली, आणि तीही सव्वा महिना पुरा होण्याआधीच. ओल्या बाळंतिणीला असे वाटावे याची मला लाज वाटत असे. रक्तस्राव थांबून टाके भरेपर्यंत थांबा, पण वाटण्यात गैर काही नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. पुढे जवळ आल्यावर पान्हा फुटे तेव्हा मी दचकले. पाजताना पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळेच तेही होते म्हणून समजले, आणि मग आधी बाळाला पाजून घेऊ लागले.

कोल्हापूर, दोन मुलगे

पाळी आली नव्हती म्हणून मी निर्धास्त राहिले आणि पहिला 11 महिन्यांचा असताना पुन्हा दिवस गेले. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच त्यावर भिस्त ठेवता येते. शिवाय पाळीच्या आधी बीज सुटते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्यानंतर इच्छा मेली ती त्या धास्तीने. तांबी बसवल्यावर महिनाभरात ती परत आली.

लेस्टर, इंग्लंड, मुलगा 3 वर्षांचा

मला नवराच काय, जेवण, गाणे, बाळ, काहीच हवेसे वाटत नव्हते. तपासणीला गेल्यावर 10 प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा हे नैराश्य आहे हे कळले. औषधाने मन सावरले, पण त्याच औषधाने शरीराची इच्छा आणखी मंदावली. हे सांगायला मी सहा महिने कचरले, आणि सांगितल्यावर डॉक्टरांनी औषध बदलून दिले. ते मनाने बंद मात्र केले नाही, याचे मला समाधान आहे.

सातारा, वय 61

आमच्या वेळी बाळंतीण दीड वर्ष सासूजवळच निजत असे, त्यामुळे हा प्रश्न कोणी मला विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. पुढे नवऱ्याच्या खोलीत परत गेले ती सासूबाईंनी सांगितले म्हणून. तेव्हा मला इच्छा नव्हती की केवळ झोप हवी होती, हे वरचे सगळे वाचूनही मला आज सांगता येत नाही.