पाऱ्याची वाफ आणि कॅटलेज: रक्षण की अडकवणूक?

जिज्ञासू:
पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेल्यावर तांबड्या पेशींतील कॅटलेज हे विकर (एन्झाइम) तिचे ऑक्सिडीकरण करते, असे वाचनात आले. हे विकर मंदावले तर शरीरात पारा कमी राहतो, असेही त्याच मजकुरात होते. मग कॅटलेज आपले रक्षण करते की पारा अडकवून ठेवते?

धातुवेडा:
दोन्ही, ही क्रिया कोठे आणि केव्हा घडते, यावर सारे अवलंबून आहे. श्वासातील वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा रक्तात शिरतो, आणि तो विद्युतभाररहित व स्निग्ध पदार्थांत विरघळणारा असल्याने पेशीपटले त्याला अडवू शकत नाहीत. कॅटलेज व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून बनणारे क्रियाशील रूप त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. असा भारित पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतो आणि मेंदूत सहजी शिरत नाही. अडचण एवढीच, की या क्रियेला वेळ लागतो आणि रक्त फुप्फुसांतून मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोहोचते. तेवढ्यात निसटलेला पारा मेंदूत शिरतो, तेथील कॅटलेजमुळे भारित होतो आणि परतीची वाट गमावून बसतो.

पेशीवाचक:
आपण वाचलेला मजकूर बहुधा मद्यार्काच्या प्रयोगांविषयीचा असावा. इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, कॅटलेजच्या त्याच क्रियाशील रूपाशी प्रक्रिया करत असल्याने पाऱ्याचे ऑक्सिडीकरण मागे पडते आणि अधिक पारा उच्छ्वासावाटे बाहेर जातो. मद्य हा उतारा आहे, असा निष्कर्ष मात्र कृपया कोणी काढू नये, कारण न बदललेला पारा जितका अधिक काळ फिरेल तितकी त्याला मेंदूत आणि गर्भवतीच्या वारेतून गर्भापर्यंत जाण्याची संधी मिळते. जन्मतःच कॅटलेजची उणीव असलेली माणसेही असतात. जपानमध्ये शिगेओ ताकाहारा या डॉक्टरांना हा विकार आढळला, तो जखमेवर ओतलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला एरवी कॅटलेजमुळे येणारा फेस आला नाही म्हणून! अशी उणीव असलेल्या उंदरांत रक्ताच्या तुलनेत मेंदूतील पाऱ्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

जिज्ञासू:
मग कॅटलेज वाढवल्यास संरक्षण मिळेल का?

धातुवेडा:
तसे दिसत नाही. तांबड्या पेशींत कॅटलेज मुळातच विपुल असते. वेग मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पुरवठ्यावर ठरतो, आणि तो वाढवणे पेशींनाच घातक आहे. भारित झालेला पारा पुढे मुख्यतः मूत्रपिंडांत साठतो. म्हणूनच दीर्घकाळ वाफेच्या संपर्कात असलेल्यांची तपासणी लघवीतील पाऱ्यावरून करतात.