सिंगापूरची ट्रेनिंग संपत आलीय, कोल्हापूर सर्किट बेंचला परत यावं का? वकील मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी कोल्हापूरची. लॉ झाल्यावर सनद घेतली, कसबा बावड्याच्या कोर्टात एका सरांकडे ज्युनिअरशिप केली आणि मग लंडनच्या एका फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागले. ही ट्रेनिंग २ वर्षांची असते, साधारण दर ६ महिन्यांनी डिपार्टमेंट बदलतं, त्याला सीट म्हणतात. माझी शेवटची सीट फर्मच्या सिंगापूर ऑफिसला आर्बिट्रेशन (लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या लवादापुढं वाद सोडवणं) टीममध्ये आहे.

काम मनापासून आवडलंय. ट्रेनीच्या वाट्याला मुख्य येतं ते बंडल, म्हणजे केसमधले सगळे कागद तारखेनुसार लावायचे, सलग पान नंबर, इंडेक्स, साक्षीदाराच्या स्टेटमेंटमध्ये जिथं कागदाचा उल्लेख येईल तिथं पान नंबर टाकून लिंक द्यायची, आणि मधेच एक कागद वाढला की पुढचं सगळं पुन्हा तपासायचं. बावड्यात सर दाव्याची कागदयादी स्वतः करायला लावायचे त्याचा इथं फार उपयोग झाला. दिवसभराच्या कामाची नोंद ६-६ मिनिटांच्या हिशोबात ठेवायची, आणि लंडन ७-८ तास मागं असल्यामुळं तिकडचे कॉल इथं रात्री येतात, हे जरा जड जातं. पण भारतीय पार्टी असलेल्या केसेस बऱ्याच असतात, परवा आपल्या १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम ७४ वर नोट लिहायचं काम मलाच दिलं, म्हणजे करारात नुकसानभरपाईचा आकडा आधीच लिहिलेला असला तरी आपल्याकडं वाजवी तेवढीच आणि त्या आकड्याच्या आतच मिळते वगैरे, ते इंग्लिश पार्टनरला समजावून सांगताना फार बरं वाटलं.

आता फर्म विचारतेय पुढं इथंच राहणार का. आणि तिकडं १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम, सर म्हणतात हीच वेळ आहे, ये. आईबाबांना तर विचारायलाच नको. मला काय करावं कळेना झालंय.

पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही म्हणून बार कौन्सिलला कळवून सनद सस्पेंड केलीय. कोणी परत चालू करून घेतली असेल तर किती दिवस लागले, परदेशातल्या नोकरीचे कुठले कागद मागितले?

आणि खरा प्रश्न हा की बेंचला आर्बिट्रेशनचं काम कितपत येतंय? म्हणजे आर्बिट्रेशन कायद्यातले आर्बिट्रेटर (लवाद) नेमायचे कलम ११ चे अर्ज, कलम ३७ ची अपिलं. साखर कारखाने, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाले, रस्त्याचे कॉन्ट्रॅक्टर यांचे वाद बघता असायला पाहिजे असं वाटतं, पण लांबून अंदाज येत नाही. रोज तिथं उभं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा, की अजून दोनेक वर्षं इथं काढून मग यावं? फर्मला महिनाअखेर कळवायचंय.