मदत हवी आहे: आजोबांच्या म्हापसा–बेती बसची माहिती

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावांची गोव्यातल्या म्हापसा–बेती मार्गावर बस होती. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी गाठायची. आजी बसला शेवटपर्यंत 'कारेर'च म्हणायची. पुढे पूल झाला, 1980 साली कदंब महामंडळ, म्हणजे गोव्याची सरकारी बससेवा, आलं. 1986 च्या जुलैत पूल कोसळला आणि पुन्हा फेरीबोटच! त्या दिवसांच्या गोष्टी बाबा अजून सांगतात.

घरात मात्र एकच तिकीट उरलंय, तेही अर्धं फाटलेलं. कुणाकडे 1961 च्या आधीचे बसचे फोटो, तिकिटं आहेत का? पोर्तुगीज काळातले वाहन परवाने पणजीच्या पुराभिलेखात पाहायला मिळतात का? जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. बाबा 84 वर्षांचे आहेत.